कुकेचे फाटक

वाचकहो, आफ्रिका म्हटले की आपल्याला सिंह नि हत्ती आठवतात. आम्ही चौघे मित्रही त्याच ओढीने गेलो होतो. भाड्याची जीप, टपावर घडीचे तंबू. झांबियातला व्हिक्टोरिया धबधबा पाहिला, कझुंगुलाला २०२१ साली खुला झालेल्या पुलावरून झांबेझी नदी ओलांडली आणि बोत्स्वाना देशात शिरलो. तिथेही गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवतात. वाटेत हत्ती आडवे आले. पण त्याहून जास्त वेळा आडवी आली ती गुरे!

या देशाचा मोठा भाग कलहारीच्या वाळूने व्यापलेला. पावसाचे मोल इतके, की तिथल्या चलनाचे नावच ‘पुला’, म्हणजे पाऊस.

माऊन गावात आम्ही मटण घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवले. रात्री रस्सा करायचा बेत होता. दुपारी गांझीच्या वाटेवर कुकेचे फाटक लागले. राखणदाराने आधी ‘दुमेला’ म्हणून रामराम केला आणि मग पेटी उघडायला सांगितली. कच्चे मटण पुढे नेता येणार नाही, म्हणाला. आमचा एक मित्र चिडला. राखणदार शांतपणे म्हणाला, “इथेच शिजवा आणि खा. शिजवलेले न्यायलाही हरकत नाही.”

मग काय, फाटकाशेजारीच स्टोव्ह पेटला! रस्सा उकळेपर्यंत त्याने कारण सांगितले. माऊनच्या बाजूला ओकावांगोच्या दलदलीत रानरेडे आहेत. त्यांच्या अंगात लाळ-खुरकुताचा विषाणू असतो, पण ते स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. गुरांना मात्र तो बाधतो. कच्च्या मांसातून आणि गाडीच्या चाकांतूनही तो पुढे जाऊ शकतो. म्हणून १९५८ साली इथे लांबच लांब कुंपण घातले. दक्षिणेकडची गुरे निरोगी राहिली, तरच परदेशात मांस विकले जाते.

लाळ-खुरकूत हा शब्द मनात येताच मला आमचा गोठा आठवला. ऐन पेरणीत आमचा बैल तोंडातून लाळ गाळीत, पाय झाडीत उभा होता. वडिलांनी ते रान उसन्या बैलांनी पेरले होते. मित्राला हे सांगितले, तेव्हा त्याचा राग निवळला.

पण मंडळी, या कुंपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६० आणि १९८० च्या दशकांतल्या दुष्काळात पाण्याच्या शोधात निघालेले विल्डबीस्ट नावाचे रानप्राणी कुंपणांपाशी अडले आणि हजारोंनी मेले. गुरे राखली, त्याची किंमत रानाने मोजली.

निघताना जीपची चाके औषधाच्या पाण्यातून नेली, आम्हीही बूट बुडवले.

आपल्या गावाला असले फाटक नाही. आपले फाटक म्हणजे वेळेवर टोचलेली लस. तेव्हा लस टोचणारे दारात आले, तर “आज गुरे रानात गेलीत” असे सांगून त्यांना परत पाठवू नका.