शेपटीचा झोक

फाल्गुनात पिंपळाला तांबूस पालवी फुटली की चारठाण्याच्या वानरांचा मुक्काम गावाजवळ सरकतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं हे यादवकालीन मंदिरांचं गाव. कोवळं ऊन गोकुळेश्वराच्या बारवेवर आणि देवळांच्या शिळांवर पसरलं की टोळी अंग शेकायला येते. हुप्प्या सगळ्यांत उंच जागा धरतो. माद्यांच्या घोळक्यात एखादं काळंकुट्ट तान्हं पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर फिरत असतं. आई त्याला दुसरीच्या हवाली करते आणि निर्धास्तपणे पाला खायला जाते. काही महिन्यांत तेही मोठ्यांसारखं राखाडी होतं.

त्यांचं खाणं जवळून बघण्यासारखं असतं. डहाळी हाताने खाली ओढायची, कोवळा शेंडा खुडायचा, जून पान अर्धं चावून सोडून द्यायचं. थोड्याच वेळात झाडाखाली पानांचा खच पडतो. मग दुपारभर नुसतं बसणं. त्याला आळस म्हणू नये. वानराचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं. तिथे सूक्ष्म जीव पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो अंगी लागतो. लाल तोंडाच्या माकडासारख्या गालात पिशव्या नसल्याने घास कोंबून पळ काढणंही त्याला जमत नाही. त्याला झाड हवं, आणि पाला पचेपर्यंत तिथे कुणी हुसकावणारं नको.

मी मात्र सगळ्यात जास्त वेळ त्याची शेपूट बघण्यात घालवतो. बसलेल्या वानराची शेपूट सरळ खाली लोंबते, त्यावरून काही कळत नाही. ते चार पायांवर चालायला लागलं की खरी ढब दिसते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेल्या एम. एल. रूनवाल यांनी या ढबींचा अभ्यास केला. उत्तरेकडच्या वानरांची शेपूट पाठीवरून कमान करून डोक्याच्या दिशेने येते. दक्षिणेकडच्यांची वर उठते आणि मागच्या बाजूला झुकते. या दोन ढबींमधली सीमा ढोबळमानाने पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी. तापी आपल्या उत्तरेला, गोदावरी दक्षिणेला, आणि मधल्या पट्ट्यात चारठाणा! ज्या सीमेवर देशभरच्या वानरांचे दोन भाग पडतात, तिच्या इतक्या जवळ आपण राहतो आणि पोरांना शाळेत हे कुणी सांगत नाही, याची मला फार खंत वाटते.

नद्यांनी वानरांची अशी वाटणी आणखीही ठिकाणी केली आहे. आसाम आणि भूतानमधलं सोनेरी वानर मानस आणि संकोश या नद्यांच्या मधल्या जंगलातच नांदतं. निसर्ग अभ्यासक ई. पी. जी यांनी 1950च्या दशकात त्याच्याकडे जगाचं लक्ष वेधलं आणि 1956 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. आज ते संकटग्रस्त आहे. काश्मीरचं वानरही संकटग्रस्त आहे. आणि लंका! लंका जाळताना वानराचं तोंड आणि हात काळे झाले असं आपल्याकडे म्हणतात, त्याच लंकेत जांभळट तोंडाचं वानर आहे. त्यातही थंड डोंगरांत राहणाऱ्याची लव दाट, कोरड्या रानातल्याची ठेवण वेगळी, आणि कोलंबोच्या आसपासचं तर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. रान तुटल्यामुळे ते परसातल्या फणसांवर जगतं, छपरांवरून ये-जा करतं आणि विजेच्या तारांना चिकटून मरतं.

कोलंबोच्या वानरांबद्दल वाचताना मला परकं वाटलं नाही. आपलं राखाडी वानर संकटग्रस्तांच्या यादीत नाही, पण छप्पर आणि तार त्याच्याही वाट्याला आली आहेत. परभणी हा राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जंगल नाही म्हणून वानरं देवळाच्या, पाराच्या, रस्त्याकडेच्या झाडांवर तगली. मराठवाड्यात रस्ते रुंद झाले आणि कडेचे जुने वड आडवे झाले. झाडावरून झाडावर जायची वाट मोडली. आता वानरं डांबर ओलांडतात, पिल्लू पोटाशी धरून.

मग टोळी हरभऱ्यात उतरते. घाटे ओरबाडते, तुरीच्या शेंगा सोलते. ज्याच्या दोन एकरांतलं पीक एका सकाळी जातं त्याला शनिवारच्या मारुतीचा दाखला देऊन गप्प बसवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा, पैसे हातात पडावेत. एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, ‘‘वान्नेर आमच्या आज्याच्या काळीबी होते, पर तवा ओढ्याला उंबर होते.’’

तेच उंबर परत यावेत, एवढंच माझं मागणं आहे. वृक्षारोपणात गुलमोहोराची रोपं वाटायचं थांबवावं. उंबर वर्षातून बऱ्याचदा फळतो, पार वैशाखातही, जेव्हा शिवारात हिरवं पान शोधावं लागतं. ओढ्याच्या काठाने उंबर, पाराजवळ पिंपळ, रस्त्याच्या दोन्ही कडांना फांद्या वरच्या वर भेटतील इतक्या अंतरावर वड. पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल. ती जबाबदारी ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावी, मी माझ्या वाटणीच्या घागरी घेऊन येईन.