शिवाजी पार्कवरची एक चाल

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाताना शिवाजी पार्कजवळ क्षणभर थांबावे. समता सैनिक दलाचे सैनिक, स्त्रिया आणि पुरुष, एका तालात पावले टाकीत मानवंदनेस निघालेले दिसतात. ही कला जपानमध्ये फार पुढे गेली आहे. तेथील निप्पॉन क्रीडा विज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या रांगा समोरासमोर येऊन एकमेकींतून आरपार जातात, पण खांद्याला खांदा लागत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची जागा राखून चालतो, हेच त्यातले मर्म. आपल्या वाडवडिलांना गावच्या रस्त्यावर अंग चोरून चालावे लागे. १९२७ साली दल उभारून बाबासाहेबांनी त्यांना ताठ मानेने, बरोबरीने चालायला शिकविले. म्हणून ही कवायत नुसता देखावा नव्हे. मुलाबाळांना ती जरूर दाखवा.