वत्सगुल्मांतील लज्जा

गेल्या कार्तिकांत आम्ही वाशीमच्या बालाजीच्या दर्शनास गेलों होतों. सभामंडपांत एका लहान मुलीचा पाय चुकून एका वृद्ध गृहस्थांच्या पायास लागला. तिनें चटकन् जीभ चावली, वांकून नमस्कार केला आणि ती पळाली. गृहस्थ हंसले. शब्दाची गरजच पडली नाहीं.

हें नगर म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. विंध्यशक्ति द्वितीयाचा ताम्रपट येथेंच इ. स. १९३९ मध्यें सांपडला. याच शाखेंतील हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. पति नंद भिक्षु झाल्याची वार्ता ऐकून मूर्च्छित होणारी सुंदरी तेथें रंगविली आहे. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या. पाश्चात्य प्रेक्षकांनीं तिला ‘मरणोन्मुख राजकन्या’ ठरविलें! व्यथा त्यांना बिनचूक कळली. कारण मात्र चुकलें.

मुख्य भावांच्या मुद्रा मनुष्यमात्रांत सारख्याच, असें डार्विननें १८७२ मध्यें प्रतिपादिलें. पुढें १९९९ मध्यें हाइट व केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील व ओडिशांतील लोकांस मुखमुद्रांचीं छायाचित्रें दाखविलीं. चावलेली जीभ ओडिशांतील लोकांनीं सहज ओळखली. अमेरिकनांस ती लज्जा आहे हें फारसें उमगलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं अहल्या हेजमाडी यांनीं दोन सहकाऱ्यांसह ‘नाट्यशास्त्रा’च्या आधारें अभिनीत केलेले दहा भाव हलत्या चित्रांतून उभय देशांतील प्रेक्षकांपुढें ठेवले. तेव्हां मात्र दोघांनींही ते पुष्कळसे ओळखले, त्यांत लज्जाही होती. चेहऱ्याबरोबर सारें शरीर बोलूं लागलें कीं परक्यालाही वाट सांपडते, असें आम्हांस वाटतें.

हें वाचलें तेव्हांपासून एक विद्यार्थी आमच्या डोळ्यांपुढें येतो. वाशीमजवळच्या एका खेड्यांतून तो आमच्या शाळेंत आला होता. श्लोक अडला कीं तो मान खालीं घालून हंसे. आम्हांस तो उद्धटपणा वाटला, आणि आम्हीं एकदां नव्हे, वर्षभर त्याच्या हातावर छडी ओढली. त्यानें शाळा सोडली. भरतमुनींचे तेहतीस व्यभिचारी भाव आम्हांस मुखोद्गत होते. व्रीडा त्यांतच आहे. परंतु समोरच्या बांकावरची व्रीडा आम्हांस ओळखतां आली नाहीं, आणि आम्ही तर अमेरिकन नव्हतों.

दर्शन झाल्यावर आम्हीं त्याच्या गांवच्या गाडीची चौकशी केली. ती सकाळींच सुटली होती. मुक्काम एक दिवस वाढविला.