आधी अट सांगावी

बार्शीच्या एका कापड व्यापाऱ्याची नात समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस निघाली, तेव्हा घरच्यांनी रिवाजाप्रमाणे प्रथम हिशोब मांडला. विद्यापीठाने तिला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात साहाय्यक अधिकाऱ्याचे काम दिले होते. त्याच्या मोबदल्यात शिक्षणशुल्क माफ, राहण्यास त्याच इमारतीत दोन खोल्या आणि दरमहा थोडे विद्यावेतन. “भाडे नाही, फी नाही, वर हातात चार पैसे. यात तोटा कुठला?” वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या हिशोबात वेळेचे खाते तेवढे उघडायचे राहिले होते.

ते खाते तिने तेथे गेल्यावर उघडले. समुपदेशनाचा तेथील मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान 60 श्रेयांकांचा. व्याख्यानांखेरीज प्रथम 100 तासांचा सराव, त्यांपैकी किमान 40 तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसून. त्यानंतर 600 तासांची उमेदवारी, त्यांत किमान 240 तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे. ही उमेदवारी दोन सत्रांत संपवायची, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 20 तास हवेत. वसतिगृहाची नेमणूकही आठवड्याला 20 तासांची. परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात सर्वसाधारणपणे याहून अधिक काम करता येत नाही. उरलेल्या वेळात वर्ग, वाचन, स्वयंपाक आणि झोप.

कागदावर बेरीज जुळत होती. पण वसतिगृह कागदाप्रमाणे चालत नाही. पाळीच्या आठवड्यात रात्रभर फोन उशाशी ठेवावा लागे. कुणाचे खाद्य करपले की मध्यरात्री आगीची घंटा वाजे आणि सारी इमारत थंडीत बाहेर उभी राही. एकाच खोलीतील दोघींचे दिव्यावरून भांडण होई. कुणी मद्याच्या अमलाखाली जिन्यात पडलेला सापडे. प्रत्येक प्रसंगाचा अहवाल वेळेत लिहावा लागे, आणि सकाळी नऊला वर्गात ताज्या चेहऱ्याने बसावे लागे.

झोपेचे हे कर्ज जड होते. परंतु तिला अधिक अवघड गेली ती दुसरीच गोष्ट. दुपारी उमेदवारीच्या केंद्रात ती समुपदेशकाच्या खुर्चीत बसे. तेथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा त्या व्यवसायाचा पाया. जिवाला धोका किंवा बालकाचा छळ अशा मोजक्या प्रसंगी त्याला कायद्याचा अपवाद असतो. रात्री वसतिगृहात ती विद्यापीठाची अधिकारी असे. तेथे लैंगिक छळासारखी बाब कानी आली, तर ती संबंधित कचेरीस कळवणे तिला बंधनकारक होते. माणूस तोच, कान तेच. पण एका दाराआड मौन हे कर्तव्य आणि दुसऱ्या दाराआड सांगणे हे कर्तव्य.

मौनाची शिकवण तिला नवी नव्हती. आजोबांच्या दुकानात कोणाकडे किती उधारी थकली आहे, हे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कानी कधी पडले नाही. वही मिटूनच ठेवायची, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. त्या सवयीनेच पहिल्या महिन्यात चूक घडली. प्रथम वर्षाचा एक मुलगा रात्री दाराशी आला आणि म्हणाला, “कोणाला सांगणार नसाल तर बोलतो.” तिने चटकन शब्द दिला. मुलगा बोलला, आणि त्याला जगणे नकोसे झाले आहे हे तिला कळले. त्याच घटकेस तिला वरिष्ठांना फोन करावा लागला. मुलगा सुखरूप राहिला. पुढे मात्र तो जिन्यात भेटला तरी मान वळवून निघून जाई.

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेने सारे ऐकून घेतले आणि सांगितले, की फोन करण्यात काहीच चुकले नाही. तुम्ही केंद्रातील खुर्चीत असतात तरी जिवासाठी तो करावाच लागला असता. चूक झाली ती फोनच्या आधी, जो शब्द पाळता येणार नव्हता तो देण्यात. त्या रात्री तिने वहीत एक वाक्य लिहिले आणि ते मोठ्याने म्हणून पाहिले: “तुम्ही बोलण्यापूर्वी एक सांगते, मी येथे काही गोष्टी माझ्यापाशी ठेवू शकत नाही.”

हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते. ऑक्टोबरात एक विद्यार्थिनी रात्री दीड वाजता आली. वाक्य ऐकताच तिचा चेहरा मिटला आणि ती उठू लागली. त्या क्षणी आपण एक दार लावून घेतले, असे हिला वाटले. मग ती म्हणाली, “येथे असे लोक आहेत, ज्यांना गुपित ठेवता येते. हवे असेल तर सकाळी मी तुमच्याबरोबर तिथवर येते.” विद्यार्थिनी काही न बोलता चहा संपेपर्यंत बसली. त्या रात्री धोका नाही एवढे विचारून घेऊन हिने तिला खोलीपर्यंत सोडले. सकाळी दोघी समुपदेशन केंद्राच्या पायऱ्यांपर्यंत चालत गेल्या. आत काय बोलणे झाले, ते हिला कधी कळले नाही. नऊचा वर्ग त्या दिवशी बुडाला.

दिवाळीस तिने घरी फोन केला, तेव्हा आजोबांनी कामाचे स्वरूप विचारले. तिने मुलाची आणि मुलीची नावगाव न सांगता दोन्ही खुर्च्यांची अडचण समजावून दिली. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरी, उधारी देताना मुदत आधी सांगायची. माल घरी गेल्यावर सांगितली, तर गिऱ्हाईकही जाते आणि शब्दही.”

वडिलांनी मागून विचारले, “झोप मिळते का?”

“या आठवड्यात पाळी नाही,” ती म्हणाली.