जुन्या मोटारी, धांवत्या

जुन्या वस्तूंविषयीं माणसांचे दोन पक्ष फार दिवसांपासून चालत आलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, वस्तु दुर्मिळ झाली कीं ती कापडांत गुंडाळून ठेवावी, सणासुदीला पाहुण्यांस दाखवावी व पुन्हा कपाटांत घालावी. दुसरा म्हणतो, ज्या कामासाठीं ती झाली तें काम तिच्यानें होतें तोंवर तिजकडून तें घ्यावें. आम्हीं सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला. त्यामुळें हा वाद आमच्या कानीं आला तो पोथ्या आणि पाठांतर यांच्या निमित्तानें. तोच वाद इंग्लंडांत मोटारींच्या मैदानावर ऐकावयास मिळेल, ही कल्पना आम्हांस स्वप्नांतहि नव्हती.

आमची कन्या व जावई ब्रिस्टल शहरीं असतात. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांजकडे गेलों असतां जावईबापूंनीं आम्हांस विल्टशर परगण्यांतील कॅसल कूम येथें नेलें. दुसऱ्या महायुद्धांत तेथें विमानतळ होता. विमानें गेल्यावर धांवपट्ट्यांच्या कडेनें फिरणारा जो रस्ता उरला, त्यावर १९५० पासून मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. एक फेरा १.८५ मैलांचा, म्हणजे सुमारें तीन किलोमीटरांचा. आम्ही गेलों त्या दिवशीं मात्र शर्यत नव्हती. तिकडे ज्यास ‘ट्रॅक डे’ म्हणतात तो प्रकार होता. ठराविक पैसे भरावे, स्वतःची गाडी आणावी आणि समोरून येणाऱ्या वाहनाची भीति न बाळगतां ती पळवावी. घड्याळ लावीत नाहींत, क्रमांक काढीत नाहींत, बक्षीस नाहीं. तथापि स्वैराचारहि नाहीं. सकाळीं सर्व चालकांस एकत्र बसवून नियम समजावून देतात. हें पाहून आम्हांस शाळेची प्रार्थना आठवली. गाडीचा आवाज यंत्रानें मोजतात व तो मर्यादेबाहेर गेल्यास मालकास परत पाठवितात. पहिले फेरे सावकाश. दुसऱ्यास मागें टाकावयाचें तें ठरल्या बाजूनेंच, आणि त्यानें वाट दिल्यावर. पिवळें निशाण दिसतांच सावध व्हावें, तांबडें दिसतांच सर्वांनीं परत यावें.

झगझगीत नव्या गाड्या पुष्कळ होत्या; त्यांविषयीं आम्हांस लिहावयाचें नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें जुन्या गाड्यांच्या वेगळ्या पाळीनें. तींत एक ऑस्टिन सेव्हन होती. ही गाडी १९२२ ते १९३९ पर्यंत बनत असे. इंजिन अवघें ७४७ सी.सी.; हल्लींच्या कित्येक मोटारसायकलींचें याहून मोठें असतें. पण या चिमुकलीचा वंशविस्तार पाहावा! बी.एम्.डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें १९२८ सालीं मोटारींच्या धंद्यांत पाऊल टाकलें तें हिचीच परवान्यानें बनणारी आवृत्ति हातीं घेऊन. आणि लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनीं आपली पहिली गाडी उभारली तीहि एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच. प्रेक्षकांच्या गाड्यांत एक तीनचाकी मॉर्गन उभी होती. तिचीं दोन चाकें पुढें व एक मागें, म्हणजे आपल्या रिक्षाच्या नेमकें उलट. आणि इंजिन गाडीच्या नाकापुढें उघड्यावर. आमच्या मंडळींनीं तिला प्रदक्षिणा घातली आणि मग वारा लागतो म्हणून त्या जावईबापूंच्या गाडींत जाऊन बसल्या त्या दुपारपर्यंत उतरल्या नाहींत.

आम्ही मात्र खिळून राहिलों एका स्वीडिश गाडीपाशीं. साब ९६. आकार पाण्याच्या थेंबासारखा, रंग फिकट हिरवा. ती सुरू झाली आणि निळसर धूर व जळक्या ऑइलचा वास आला. डोळे मिटले असते तर वाटलें असतें, शेजारचे कुलकर्णी बजाज स्कूटरला किक मारीत आहेत! कारण तेंच. इंजिन टू-स्ट्रोक, तीन सिलिंडरांचें, ८४१ सी.सी.चें, त्यांत व्हॉल्व्ह नाहींत, आणि ऑइल पेट्रोलांतच मिसळावयाचें. यामुळें एक गंमत होते. उतारावर किंवा वळणापूर्वीं ॲक्सिलरेटर सोडला कीं पेट्रोल थांबतें, आणि त्याबरोबर ऑइलहि. तेव्हां फिरत्या इंजिनाचा घसा कोरडा पडूं नये म्हणून अशा वेळीं चाकांपासून इंजिन आपोआप सुटें व्हावें, सायकलीच्या फ्रीव्हीलप्रमाणें, अशी योजना तींत केलेली आहे. मग इंजिनाच्या ओढीनें वेग कमी होण्याचा लाभ मिळत नाहीं. सारा भार ब्रेकवर. एरिक कार्लसन नांवाचा स्वीडिश वीर डाव्या पायानें ब्रेक दाबी व उजव्यानें इंजिन जागें ठेवी, आणि याच युक्तीनें त्यानें १९६२ व १९६३ अशीं दोन वर्षें मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली.

या साबचे मालक सत्तरी ओलांडलेले, टपालखात्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. गाडी त्यांनीं ट्रकवर लादून आणली नव्हती. तीच चालवीत आले होते व तींतूनच घरीं जाणार होते. जावईबापू आम्हांस हळूच म्हणाले, “बाबा, अशा गाड्या आतां किती उरल्या असतील! एक आपटली कीं एक कमी झाली. ही संग्रहालयांत हवी.” आम्हीं तें त्या गृहस्थांपुढें मांडलें. ते रागावले नाहींत. म्हणाले, उभी गाडी सुरक्षित असते असें तुम्हांस कोणी सांगितलें? उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरांत पेट्रोल सुकून गोंद बनतो, रबरी सील कडक होऊन तडकतात, ब्रेकचे सिलिंडर गंजून अडकतात, टायर एकाच जागीं दबून चपटे होतात. दहा वर्षें जपलेली गाडी सुरू करावयाची म्हणजे निम्मी पुन्हा बनवावी लागते.

पाठांतर सोडलेल्या विद्यार्थ्याचें वर्णन याहून नेमकें आम्हीं तीस वर्षांत ऐकलें नव्हतें.

परंतु जावईबापूंचा पक्षहि पोकळ नव्हता. तिसऱ्या प्रहरीं क्वारी नांवाच्या वळणावर एक जुनी एम्.जी. गिरकी घेऊन टायरांच्या भिंतीवर आदळली. तांबडें निशाण फडकलें. चालक सुखरूप उतरला. पण पुढचा मडगार्ड कागदासारखा चुरगळला होता, आणि तो मनुष्य त्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. आमचें मत विचाराल तर, जगांत एकच उरलेली गाडी असेल ती मैदानावर आणूं नये; पण जिचे सांधेसुटे भाग मिळतात, जिला ओळखणारे मेस्त्री हयात आहेत, तिनें धांवावें. मेस्त्रीची विद्याहि गाडी बिघडल्यावांचून टिकत नाहीं.

आपल्याकडे २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद दिली, हें चांगलेंच झालें. मात्र तशी नोंद झालेली गाडी नित्य रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांपुरतीच ती बाहेर निघावी. इंग्लंडांत चाळीस वर्षांपलीकडील, फारसा फेरबदल न झालेल्या गाडीस वाहनकर माफ, २०१८ पासून वार्षिक तपासणीचीहि सक्ति नाहीं, आणि ती वाटेल त्या दिवशीं भाजी आणावयास न्यावी. आम्हीं तिला देव्हाऱ्यांत बसविलें. त्यांनीं घरांत ठेवली.

हा विषय आमच्या मनांत इतका घोळण्यास कारण होतें. आमचे थोरले बंधु कै. दादा २०२० सालीं वारले. त्यांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी तेव्हांपासून पुण्यास ताडपत्रीखालीं उभी होती. नोंदणीची मुदत २०२४ अखेर संपणार होती. पुतण्याचें म्हणणें, भंगारांत द्यावी. वहिनींचें म्हणणें, आहे तेथेंच राहूं द्यावी, कोणीं हात लावूं नये. दोघेंहि निर्णयासाठीं आमच्याकडे पाहत होतीं. आम्हीं ब्रिस्टलहूनच पत्र धाडलें कीं, एकदां मेस्त्रीस दाखवा, मग काय तें ठरवूं. आणि साबच्या मालकांचें म्हणणें त्यांत सविस्तर उतरवून दिलें.

मेस्त्रीनें कार्ब्युरेटर उघडला तो तळाशीं पिवळा राळेसारखा थर. ब्रेकचे दोन सिलिंडर जाम, चारहि टायर निकामी. सहा आठवडे लागले. डिसेंबरांत नोंदणीचें नूतनीकरण झालें, तें २०२९ पर्यंत पुरेल. पहिल्या फेरीस वहिनी पुढें बसल्या होत्या असें पुतण्यानें कळविलें. पर्वतीपर्यंत त्या कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “ह्यांच्या हातीं होती तेव्हां दुसऱ्या गिअरला असा आवाज येत नव्हता.” मेस्त्रीस पुन्हा बोलाविलें आहे.