हाडकीवरचे आभाळ

वसतिगृहाच्या गच्चीवरून लेण्यांचा डोंगर दिसे. तेथेच एका सायंकाळी भन्तेजींनी आम्हांला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वताविषयी सांगितले. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ त्याच पर्वतावर होतो. "गृध्र म्हणजे गिधाड," असे ते म्हणाले आणि आमच्यात हसू फुटले. त्या हसण्यात लाज होती.

गिधाड आम्ही पुस्तकात पाहिलेले नव्हते. प्रत्येकाच्या गावाबाहेर हाडकी होती. मेलेले जनावर ओढून तेथे टाकणे हे आमच्या आज्या-पणज्यांच्या माथी मारलेले काम. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडण्यास बजावले. आमच्या घरांनी धर्मांतरानंतर ते कायमचे सोडले. पुढे त्या जागेकडे मान वळवूनही पाहायचे नाही, असा घरोघरी अलिखित नियम झाला. योग्यच होता तो. पण सुट्टीत गावी गेलो की आभाळात काळ्या ठिपक्यांच्या घिरट्या दिसत आणि कोणाचे तरी जनावर गेले, हे न सांगता कळे. दिवस मावळेपर्यंत सांगाडा तेवढा उरे. दुर्गंधी नाही, रोगराई नाही.

त्या घिरट्या थांबल्या, हे आमच्या ध्यानातही आले नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांमागे एक उरले. त्यांना कोणी बंदुकीने टिपले नव्हते. लंगडणाऱ्या बैलाच्या वेदना शमाव्यात म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक, तो बैल मेल्यावर मांसावाटे गिधाडाच्या पोटात जाई. मूत्रपिंडे निकामी होत, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे. शंभरांत एखाद्या मृत जनावरात हे औषध असले तरी एवढ्या संहाराला पुरेसे होते, कारण गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर हाडकीवर कुत्र्यांचे राज्य झाले होते.

जंगले तोडून, नद्या नासवून माणसाने जगभर वन्यजीव संपवले, हे आम्ही भाषणांत ऐकत आलो. येथे मात्र मुक्या जनावराची कीव येऊनच हे घडले. पहिले शील रोज म्हणताना हत्या या शब्दासरशी आमच्या डोळ्यांपुढे शस्त्र घेतलेला माणूस येई. वडिलांनी उसनवारी करून बैलासाठी आणलेले इंजेक्शन कधी आले नाही.

मागच्या स्नेहमेळाव्यात आम्ही पुन्हा त्या गच्चीवर बसलो होतो. एका मित्राच्या नातवाने गृध्रकूटाची गोष्ट ऐकून विचारले, "गिधाड केवढे असते?" आम्ही दोघांनी शेजारी उभे राहून हात पसरून दाखवले. मग शेवटचे गिधाड कोणी, कधी पाहिले, यावर बराच वेळ बोलणे चालले. साल कोणालाच सांगता आले नाही.