कोगनोळीच्या नाक्यावर

कागल सोडून दक्षिणेस निघाले, की पुणे-बंगळूर महामार्गावर कोगनोळी लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला. सरकारी पाट्या कानडी, घरची बोली मराठी. मनातला सल अद्याप बोचतोच.

वाचकहो, देशाची कीर्ती राखणे हे पुढाऱ्यांचे काम, असे आपण समजून चालतो. परंतु येथे थांबणाऱ्या परमुलखी वाहनचालकाला पुढारी कुठून दिसणार? त्याला भेटते ती चहावाली म्हातारी.

परवा एक तमिळ चालक पैशांचे पाकीट बाकावरच विसरून गेला. म्हातारीने तत्काळ नातवाला मोटारसायकलवरून मागे धाडले. निपाणीच्या अलीकडे त्याने मालमोटार गाठली.

“आज्जी, त्येला आपली भाषाच येईना. नुसतं हात जोडलं,” परतून तो म्हणाला.

“बस. चहा निवला तुझा.”